कापसाच्या वाटेने विद्यापीठापर्यंत

बुधवार, मुंबई

भाची कलिन्याला इतिहासात एम. ए. करते आहे. प्रकल्पासाठी तिने कापसाचा विषय घेतला आणि मला फोन केला. "मामा, आपल्याकडचा कापूस मुंबईला गेला, तिथे त्याचं काय झालं ते मला बघायचंय. पुस्तकात नको, जागेवर." मी जळगावहून रात्रीची गाडी पकडली. सुरुवात फोर्टातल्या विद्यापीठापासून करायची आणि मग कापूस ज्या वाटेने आला ती वाट उलटी धरून खानदेशात यायचं, असं आम्ही ठरवलं. डिसेंबर चालू होता. गावाकडे वेचणी जोरात होती, म्हणजे हा विषय घेऊन हिंडायला याहून चांगला महिना मिळाला नसता.

ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की पूर्वेला राजाबाई मनोरा, दीक्षान्त सभागृह, उच्च न्यायालय अशी दगडी रांग दिसते आणि पश्चिमेला गोलाईदार गॅलऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. या दोन्ही रांगा मिळून २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. भाची रोज कलिन्याला जाते, पण इथे ती कधी निवांत थांबली नव्हती. तिचा पहिला प्रश्न, "समुद्र कुठे आहे?" मनोरा बांधला तेव्हा मैदानापलीकडे रेल्वेचे रूळ होते आणि रुळांच्या पलीकडे लगेच बॅक बेचं पाणी. पुढे भराव पडला, १९३० च्या दशकात मरीन ड्राइव्ह आणि या नव्या इमारती उभ्या राहिल्या आणि समुद्रकाठचं विद्यापीठ जागचं न हलता काठापासून आत गेलं. जागा पुरेना तशी बहुतेक खाती कलिन्याच्या सुमारे २३० एकरांच्या विद्यानगरीत गेली. आता फोर्टात कार्यालयं, ग्रंथालय आणि मोजके विभाग राहिले आहेत.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ चं. उत्तरेत उठाव पेटलेला असताना इथल्या विद्यापीठाचा कायदा झाला. लंडनच्या नमुन्यावर हे परीक्षा घेणारं विद्यापीठ होतं. शिकवायचं महाविद्यालयांनी, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. त्यामुळे सुरुवातीची कित्येक वर्षं त्याला स्वतःची इमारतच नव्हती आणि त्याचं कुणाचं अडलंही नाही. इमारतीचा पैसा आला तो पुढच्या दहा वर्षांत, आणि त्यात कापसाचा वाटा मोठा होता.

१८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथल्या दक्षिणेच्या बंदरांची कोंडी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाड इथला कापूस मिळेल त्या भावाला मुंबईच्या बंदरातून जाऊ लागला. त्या वर्षांत गब्बर झालेल्यांमध्ये कापसाचे आणि शेअरचे दलाल प्रेमचंद रायचंद सर्वांत पुढे होते. १८६४ साली त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि लगेच मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला त्यांच्या आईचं नाव, राजाबाई. पुढच्याच वर्षी यादवी संपली, कापसाचा भाव कोसळला, मुंबईतल्या बँका आणि कंपन्या बुडाल्या, स्वतः प्रेमचंदही बुडाले. देणगी मात्र विद्यापीठाकडे राहिली. १८६९ मध्ये पाया घातला गेला आणि १८७८ मध्ये २८० फुटांचा मनोरा पूर्ण झाला. शेजारच्या दीक्षान्त सभागृहाला सर कावसजी जहांगीर यांनी एक लाख दिले, ते १८७४ चं. दोन्हींचा आराखडा लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते मुंबईत कधी आलेच नाहीत.

मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातींचे २४ पुतळे आहेत. भाची मान वर करून बराच वेळ पागोटी ओळखत होती. मी तिला माझ्या मनात अनेक वर्षं असलेली गोष्ट सांगितली. हा मनोरा मला परका वाटत नाही. यातले काही दगड तापीकाठच्या काळ्या जमिनीने विकत घेतले आहेत. आणि ज्या खानदेशच्या मालावर ही श्रीमंती उभी राहिली, त्या खानदेशच्या मुलांना घराजवळ कॉलेज मिळायला १९४५ साल उजाडलं. या दोन तारखांमधलं अंतर कुणी आणि कसं कापलं, तेच आम्हाला बघायचं होतं.

रात्री भुसावळकडे जाणारी गाडी पकडली. कसारा घाटात गाडी हळू झाली तेव्हा भाची जागी होती. या थळ घाटातून १८६५ च्या सुरुवातीला रेल्वे चालू झाली. त्याआधी हा सगळा माल बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांवर लादून आग्रा रस्त्याने घाट उतरायचा, कित्येक दिवस वाटेत असायचा, धूळ आणि पाऊस दोन्ही खायचा.

गुरुवार, धुळे

चाळीसगावला अंधारातच उतरलो. स्टेशनबाहेर चहा घेतला आणि तिथून धुळ्याला. थंडी चांगलीच होती, शेतांवर धुकं होतं आणि धुक्यातून पांढऱ्या बोंडांचे पट्टे दिसत होते. वाटेत जिनिंगबाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या कापसाने शीग लावून उभ्या होत्या.

धुळ्याची नवी पेठ कॅप्टन ब्रिग्जने आखली, खानदेशात इंग्रजांचा अंमल आल्यावरचा पहिला मुख्य अधिकारी, म्हणजे पोलिटिकल एजंट. आजही इथे पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतात. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा पश्चिमेचं ठाणं धुळ्यालाच राहिलं. मुंबईच्या विद्यापीठाची पदवी ज्यांना आणायची, त्यांनी गाव सोडायचं, हा तेव्हाचा नियमच होता. मुंबई नाहीतर पुणे. १९२४ मध्ये नाशिकला हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेज निघालं तेव्हा अंतर जरा कमी झालं. माझे आजोबा मॅट्रिकला चांगल्या मार्कांनी पास झाले होते. नाशिकच्या खोलीचं भाडं आणि खाणावळ परवडणार नाही म्हणून ते तालुक्याच्या कचेरीत कारकून झाले. अशी माणसं आमच्याकडे घरटी एक सापडेल.

पण विद्यापीठ नसताना धुळ्यात जे काम झालं, त्याच्यापुढे मी आजही हात जोडतो. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आयुष्यभर गावोगाव पायपीट करत जुनी दप्तरं गोळा करत राहिले. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या बळदात, कुठे वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला निघालेले कागद. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे त्यांचे बावीस खंड या कागदांतून उभे राहिले. ३१ डिसेंबर १९२६ ला त्यांनी धुळ्यात देह ठेवला. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांच्या आत, ९ जानेवारी १९२७ ला, धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केलं. दुःखाचं सुतक फिटायच्या आत संस्था! कुठलं अनुदान नाही, कायदा नाही, कुलगुरू नाही. वकील, शिक्षक, व्यापारी असे गावातले लोक पुढे आले, कारण त्या कागदांची किंमत त्यांना कळली होती.

मंडळात आम्ही दुपारपर्यंत होतो. तिथल्या जाणत्या गृहस्थांनी भाचीला मोडी येते का विचारलं. "थोडी येते," ती म्हणाली. त्यांनी एक छापील नमुना पुढे ठेवला आणि तिला वाचायला लावला. ती अडखळली की ते नुसतं बोट ठेवायचे, अक्षर सांगायचे नाहीत. दुसऱ्या ओळीपासून तिचा सूर लागला. "रोज तासभर वाच बेटा, महिन्यात हात बसेल," असं म्हणून ते आपल्या कामाला लागले. एम. ए.च्या वर्गात ही गोष्ट तिला मिळाली नव्हती, हे ती मला जिना उतरताना म्हणाली.

समर्थ वाग्देवता मंदिरही बघितलं. शंकर श्रीकृष्ण देव, म्हणजे नानासाहेब देव, यांनी समर्थ संप्रदायाची बाडं मठामठांतून जमवली, ती इथे आहेत. एका मध्यम आकाराच्या गावात हस्तलिखितांचे दोन एवढे मोठे संग्रह आहेत, आणि ते दोन्ही लोकांनी पदरमोड करून जपले आहेत.

आणि तुरुंग. आत जाता येत नाही, बाहेरूनच पुढे गेलो. १९३२ मध्ये सविनय कायदेभंगातले कैदी इथे होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती ऐकता ऐकता लिहून घेतली. महाराष्ट्रात घरोघरी पोचलेल्या 'गीता प्रवचने' या पुस्तकाचा जन्म या भिंतींमागचा. कैदी, शिपाई, व्यापारी, कार्यकर्ते सगळे एका ओळीत बसून ऐकत होते. उच्च शिक्षण म्हणजे काय, हे ठरवताना मी या रविवारांना वगळू शकत नाही.

संध्याकाळी शेवभाजी आणि बाजरीची भाकरी. पांझरेत पाणी कमी होतं.

शुक्रवार, अमळनेर

एस.टी.ने अमळनेरला. माझ्या शेजारच्या आजोबांनी अहिराणीत विचारलं, "कथा चालनात भाऊ?" अमळनेरला, तत्त्वज्ञान मंदिर बघायला, असं सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळला. "मी प्रताप मिलम्हा व्हतू," ते म्हणाले, आणि पुढचा सगळा रस्ता गिरणीच्या भोंग्यांवर निघाला. सकाळचा भोंगा कोणता, पाळी बदलायचा कोणता, आणि गावातल्या बायका कोणत्या भोंग्याला चूल पेटवायच्या.

अमळनेर बोरी नदीवरचं गाव, सखाराम महाराजांचं. सुरत-जळगाव रेल्वे झाल्यावर गावाला समुद्राकडे जाणारी दुसरी वाट मिळाली. तापी जिथे सागराला मिळते त्या सुरतेकडे ही वाट जाते. मुंबईच्या मनोऱ्यासमोर जो प्रश्न मी भाचीला विचारला होता, त्याचं उत्तर मला या गावात सगळ्यात स्वच्छ दिसतं. इथे कापसाचा पैसा पहिल्यांदा बाहेर न जाता गावात मुरला.

तो मुरवणारे प्रताप शेठ. गिरणीमालक. त्यांनी १९१६ मध्ये अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढलं. गिरणीमालकाने धर्मशाळा बांधणं समजू शकतं, दवाखाना समजू शकतो. यांनी वेदान्ताचा आणि एकूण तत्त्वज्ञानाचा सखोल अभ्यास व्हावा म्हणून संस्था काढली, देशभरातल्या अभ्यासकांना शिष्यवृत्त्या दिल्या, राहायची सोय केली. घनश्यामदास मलकानी इथे दीर्घकाळ होते. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य, विसाव्या शतकातल्या भारतीय तत्त्वचिंतकांत ज्यांचं नाव पहिल्या पंक्तीत घेतात, ते १९३३ नंतर काही काळ संचालक होते. रासबिहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती इथे राहून गेले. इथून इंग्रजीत तत्त्वज्ञानाचं त्रैमासिक निघायचं आणि ते परदेशातल्या विद्यापीठांत वाचलं जायचं. ज्या गावात बी. ए.चा वर्ग नव्हता, त्या गावाचा पत्ता लंडनच्या अभ्यासकांना ठाऊक होता. हे मी अनेकांना सांगितलं आहे आणि अजून सांगत राहणार आहे, कारण खानदेशातल्याच पोरांना हे माहीत नसतं.

आवारात फार शांतता होती. भाची पायरीवर बसून टिपणं काढत होती. मला तिथे साने गुरुजी आठवत होते. ते १९२३ च्या सुमारास याच संस्थेत अभ्यासक म्हणून आले. वादविवादात आणि सूक्ष्म चर्चेत त्यांचं मन रमलं नाही. १९२४ पासून ते गावातल्या शाळेत, आजच्या प्रताप हायस्कुलात, शिकवायला लागले आणि वसतिगृहाची जबाबदारी त्यांनी घेतली. मुलांसाठी रोज हाताने दैनिक लिहून काढायचे. पहाटे उठून मुलांच्या खोल्या झाडायचे, अंथरुणं आवरायचे. १९३० मध्ये सत्याग्रहासाठी नोकरी सोडली आणि तुरुंगात गेले. म्हणजे काल आम्ही धुळ्यात ज्या भिंतीपाशी थांबलो, तिच्याआत पोचलेला माणूस अमळनेरच्या वर्गातून गेला होता. गावातल्या तत्त्वज्ञानाला वर्गाची आणि वर्गाला रस्त्याची वाट अशी एकमेकांत उघडत गेली होती.

नंतर प्रताप महाविद्यालय. १९४५. मोठं मैदान, जुनी झाडं, सायकलींपेक्षा आता मोटारसायकली जास्त. हे कॉलेज निघालं तेव्हा ते मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झालं, तेव्हा पुण्याला जोडलं गेलं. १९९० मध्ये जळगावला. इमारत तीच, मुलं त्याच गावांतली, पदवीवरचा शिक्का दोनदा बदलला. माझे वडील पुण्याच्या शिक्क्याच्या काळात इथे शिकले. आजोबांना जे परवडलं नाही ते वडिलांना परवडलं, कारण ते रोज रेल्वेने येऊन-जाऊन शिकू शकले. भाडं नाही, खाणावळ नाही, डब्यात आईची कळण्याची भाकरी. एका पिढीत एवढा फरक पडायला फक्त कॉलेज जवळ यावं लागलं.

२०२४ च्या फेब्रुवारीत याच आवारात सत्त्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. त्याआधी १९५२ मध्येही संमेलन अमळनेरला झालं होतं.

१९४५ हे साल अमळनेरला आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवतात. त्या वर्षीच्या डिसेंबरात महंमद हाशम प्रेमजी यांनी इथे वनस्पती तुपाचा कारखाना उभा केला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. पुढे तीच विप्रो. कापूस आणि शेंगा पिकवणाऱ्या मुलखात सरकीचं, शेंगदाण्याचं तेल होतं, रेल्वे होती, म्हणून कारखाना इथे आला. कॉलेज आणि कारखाना एकाच वर्षी एका गावात यावेत यामागे मला योगायोगापेक्षा या गावाची तीस-चाळीस वर्षांची तयारी जास्त दिसते. गिरणीने इथे हिशेब जाणणारी, यंत्र जाणणारी आणि शिकलेल्यांचा मान ठेवणारी वस्ती तयार केली होती.

मुक्काम मित्राकडे. वहिनींनी खापरावरची पुरणपोळी केली होती. मांडा हातावर वाढत वाढत कोपरापर्यंत नेऊन उलट्या खापरावर टाकताना भाची दारात उभी राहून बघत होती. वहिनी म्हणाल्या, "ये, तू टाक एक." तिचा फाटला, दुसरा बरा निघाला.

शनिवार, जळगाव आणि बांभोरी

सकाळच्या गाडीने धरणगाव, पाळधी करत जळगाव. स्टेशनजवळ जिथे खानदेश मिल होती तिथे आता खानदेश सेंट्रल आहे. मिल १८७० च्या दशकातली, मुंबईच्या मूळजी जेठा घराण्याची. मुंबईचं मूळजी जेठा मार्केट कापडाच्या व्यापाऱ्यांना सांगावं लागत नाही. त्याच घराण्याचं नाव जळगावच्या कॉलेजला आहे. मूळजी जेठा महाविद्यालयही १९४५ चंच. गावात सगळे एम. जे. म्हणतात. इथे मात्र गोष्ट अमळनेरपेक्षा वेगळी आहे, असं मी भाचीला सांगितलं. प्रताप शेठ गावात राहिलेले. इथे मुंबईच्या पेढीचा पैसा गावाकडे परत आला, आणि तो परत यावा म्हणून जळगावच्या लोकांनी धडपड केली. कापसाची गाठ ज्या पेढीत गेली, तिथूनच कॉलेजची विटा-माती आली.

मग बांभोरी. शहरातून धुळ्याच्या दिशेने सातआठ किलोमीटर, महामार्गावर, गिरणा ओलांडली की उजवी-डावीकडे संस्थाच संस्था. १९८३ मध्ये इथे अभियांत्रिकी महाविद्यालय आलं, त्यानंतर विद्यापीठ. गिरणेच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूउपशाचे खड्डे जास्त दिसले. विद्यापीठाच्या शेजारून वाहणाऱ्या नदीची ही अवस्था बघवत नाही. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतंय.

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला स्थापन झालं. पुणे विद्यापीठातून धुळे आणि जळगाव हे जिल्हे वेगळे काढले. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला, म्हणून आता जिल्हे तीन. नाशिक पुण्याकडेच राहिलं. पहिले कुलगुरू प्राध्यापक नि. कृ. ठाकरे, गणिताचे. २०१८ पासून विद्यापीठाचं नाव कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. प्रवेशद्वारातून आत गेल्यावर चढ लागतो, साडेसहाशे एकरांचा टेकड्यांचा परिसर, खडकाळ माळ आणि त्यावर जोपासलेली झाडी. ब्रीद मराठीत आहे, 'अंतरी पेटवू ज्ञानज्योत'.

१९९० च्या आधीची परिस्थिती ज्यांनी भोगली त्यांनाच या फाटकाची किंमत कळते. गुणपत्रिकेतलं आडनाव चुकलं तरी पुणं गाठावं लागायचं. अक्कलकुव्याच्या, धडगावच्या मुलाला जाऊन-येऊन दोन रात्री प्रवासात घालवायला लागायच्या, आणि खिडकीवर "उद्या या" म्हटलं तर राहायचं कुठे? कित्येकांनी पदवीचा कागद वर्षानुवर्षं आणलाच नाही. विद्यापीठ वेगळं मागण्यामागे अस्मिता होतीच, पण त्याखाली हा रोजचा जाच होता. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल मुलांच्या घरात पहिली पदवी यायला विद्यापीठ इकडे सरकणं भाग होतं. आता नंदुरबारला विद्यापीठाची आदिवासी अकादमीही आहे.

रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेपाशी आम्हाला शहाद्याकडची एक मुलगी भेटली. तेलाच्या तंत्रज्ञानात शिकते आहे. सरकीच्या तेलावर प्रयोग चालू होता. भाचीचा कापसाचा विषय ऐकून ती हसली, "तुम्ही कापसाचा मागचा भाग बघताय, मी सरकीचा पुढचा." दोघी तासभर बोलत बसल्या. मी मध्ये बोललो नाही. शेतकऱ्याच्या मुलीने शेतातल्याच पिकाचं रसायन शिकावं, तेही गावापासून एका गाडीच्या अंतरावर, याहून मोठं काम या टेकडीने कोणतं करावं अशी माझी अपेक्षा आहे?

ग्रंथालयात मुलांची गर्दी होती. बहुतेक स्पर्धा परीक्षांची पुस्तकं पुढ्यात. वसतिगृहात राहणारे उशिरापर्यंत बसतात, येऊन-जाऊन करणारे, त्यातही मुली, ऊन कलायला लागलं की पिशव्या आवरतात. जिथे गाव आहे तिथे कॉलेज, हे खानदेशचं बळ. विद्यापीठ मात्र गावाबाहेर माळावर, त्यामुळे संध्याकाळी इथे वस्ती उरत नाही. धुळ्यात मंडळाच्या भोवती गल्ली आहे, अमळनेरला संस्थेच्या भोवती गाव आहे. बांभोरीच्या टेकडीभोवती महामार्ग आहे. विस्ताराला जागा हवी होती म्हणून माळ निवडला गेला, हे योग्यच. आता त्या माळाला गावाशी जोडायचं काम उरलं आहे. संध्याकाळच्या जास्त गाड्या, नदीकाठी राहण्याजोगी विद्यार्थ्यांची वस्ती, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं म्हणजे धुळ्याचे मोडी कागद, अमळनेरचं ग्रंथालय आणि बांभोरीतले विभाग यांना जोडणारा एक अभ्यासक्रम. मोडी शिकवायला धुळ्याचे लोक तयार आहेत. भाची परवा दोन तासांत जे शिकली त्यावरून मी हे खात्रीने म्हणतो.

रात्री जळगावात भरीत. काट्यांवर भाजलेलं हिरवं वांगं, बडगीत कुटलेली मिरची-लसूण, कांद्याची पात, आणि कळण्याची पुरी. डिसेंबरात आमच्याकडे याशिवाय पाहुणचार होत नाही.

रविवार, असोदे ते फैजपूर

असोदे शहरापासून जवळच. बहिणाबाईंचा जन्म इथला, १८८० चा. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत, लिहायला-वाचायला शिकल्या नाहीत. शेतात, घरोट्यावर बसून जे रचलं ते मुलाने, सोपानदेवांनी, आणि आप्तांनी उतरवून घेतलं. त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये ते छापून आलं आणि सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं. ज्या बाईच्या हाती पाटी आली नाही, तिचं नाव आता दरवर्षी हजारो पदव्यांवर छापलं जातं. गावातल्या एका माउलीने आम्हाला अंगणात बसवलं, "कुठून आल्या तुम्ही?" विचारलं आणि भाची मुंबईहून आली म्हटल्यावर घरातून केळी आणून दिली.

भुसावळवरून तापी ओलांडून बामणोदमार्गे फैजपूर. पलीकडे कापूस कमी होत जातो आणि केळी सुरू होते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मान वाकवलेले घड. १९३६ च्या डिसेंबरात इथे काँग्रेसचं अधिवेशन झालं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. बांबूची सजावट नंदलाल बोसांची. १९६१ मध्ये त्याच फैजपूरला धनाजी नाना महाविद्यालय निघालं, ज्यांनी अधिवेशनासाठी कष्ट उपसले त्या धनाजी नाना चौधरींच्या नावाचं. त्यांचे चिरंजीव मधुकरराव पुढे राज्याचे शिक्षणमंत्री झाले. इथे गिरणीही नव्हती आणि मुंबईची पेढीही नव्हती. १९४५ ते १९६१ या सोळा वर्षांत खानदेशात कॉलेज काढायची पत शेठाकडून शेतकऱ्याकडे आली.

हाच धागा भाचीला हवा होता. परतताना भुसावळच्या फलाटावर तिने प्रकल्पाचं शीर्षक बदललं. आधी होतं 'खानदेशचा कापूस आणि मुंबई'. आता ती अमळनेर, जळगाव आणि फैजपूर या तीन कॉलेजांच्या देणगीदारांच्या याद्या मिळवणार आहे. कुणी किती दिले, रोख दिले की धान्य, जमीन दिली की श्रम. जूनमध्ये महिनाभर धुळ्याला मोडीसाठी राहायचं तिने मंडळात आधीच विचारून ठेवलं होतं. हे तिने मला गाडी आल्यावर सांगितलं, डब्यात चढता चढता, आणि खोली बघून ठेव म्हणाली.